आमच्या कमळाला फूल का येत नाही? वाचकांचे ओले प्रश्न

मागच्या अंकात गच्चीवरच्या टबातल्या कमळाबद्दल अर्ध्या पानाचं टिपण लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की गुलाबावर पण कधी आले नव्हते. निम्म्या लोकांचं म्हणणं एकच, पानं येतात पण फूल नाही. उरलेल्या निम्म्यांनी कंद सडवलाय. मी स्वतः दोन्ही करून बसलेय त्यामुळे संकोच करू नका. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. पूर्वेची गॅलरी आहे, सकाळी दोन-अडीच तास ऊन येतं. चार महिन्यांपूर्वी नर्सरीतून कमळ आणलं, पानं छान येतायत, पाण्यावर तरंगतात, पण फूल एक पण नाही. दर आठवड्याला खत पण घालते. काय चुकतंय?

आधी मला एक सांगा, पानाला चीर आहे का? म्हणजे कडेपासून देठापर्यंत कापल्यासारखी. चीर असेल आणि पान वरून चकचकीत असेल तर ते कमळच नाही, ती वॉटर लिली, आपली कुमुदिनी. कमळाचं पान अख्खं गोल असतं, देठ बरोब्बर मध्यभागी, आणि त्यावर पाणी टाकलं की अळवावरच्या पाण्यासारखं मोती होऊन घरंगळतं. नर्सरीवाले दोन्हीला कमळच म्हणतात, त्यांना पण दोष देत नाही, आपण पण म्हणतोच की. पण दोघींचं नातं काहीच नाहीये बरं का, डीएनए तपासल्यावर शास्त्रज्ञांना कळलं की कमळाचे जवळचे नातेवाईक म्हणजे काश्मीरच्या चिनारासारखी झाडं, आणि कुमुदिनी राहिली पार वेगळ्या खूप जुन्या कुळात. तळ्यात शेजारी राहतात म्हणून बहिणी वाटतात इतकंच.

आता चीर नसेल आणि कमळच असेल तर तुमच्या पत्रातच उत्तर आहे, "पानं पाण्यावर तरंगतात". कमळाची सुरुवातीची पानं तरंगणारी असतात, नाण्यासारखी. मग जोर आला की पानं पाण्याच्या वर हात-दीड हात उभी राहतात, आणि कळी येते ती त्यानंतर. तुमचं झाड चार महिने पहिल्या इयत्तेतच बसलंय कारण त्याला अडीच तास ऊन मिळतंय. कमळाला सहा तास तरी थेट ऊन पाहिजे, त्याच्यापेक्षा जास्त मिळालं तर अजून खूश. "उजेड भरपूर येतो" असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, उजेड नको, ऊन पाहिजे, डोक्यावर टोपी घालावी लागेल असं ऊन.

आणि ते दर आठवड्याचं खत आजच बंद करा. उन्हाशिवाय खत म्हणजे झाडाला काही नाही, सगळं शेवाळाच्या पोटात.

गच्चीवर हलवता आलं तर हलवा पण सोसायटीला विचारून, कारण वजन लोकांच्या लक्षात येत नाही. दोन फूट व्यासाचा टब, त्यात वीतभर चिखल आणि वर तेवढंच पाणी धरलं तर दीडशे किलोच्या वर जातं, दोन-अडीच माणसं उभी केल्यासारखं. असे चार टब एकाच कोपऱ्यात ठेवू नका, भिंतीच्या किंवा बीमच्या जवळ विभागून ठेवा. गच्ची नाहीच मिळाली तर गॅलरीत कमळाचा हट्ट सोडा आणि वॉटर लिलीतली एखादी कमी उन्हात चालणारी जात मागा, ज्यांच्या पानाच्या मध्यावरच छोटं रोप फुटतं तसल्या काही जाती तीन-चार तासांत पण फुलतात. तुम्हाला थोडं पूर्वेचं ऊन जास्त मिळालं की काम होईल.

मॅडम, मी नाशिकचा निवृत्त शिक्षक. ऑनलाइन दहा रंगांच्या कमळाच्या बिया मागवल्या, पाकिटावर निळं, जांभळं, इंद्रधनुषी अशी चित्रं होती. महिनाभर पाण्यात ठेवल्या, एकही उगवली नाही, वास मात्र सुटला. बिया खराब आहेत का?

सर, चित्रं खराब आहेत. निळं कमळ जगात नाही. कमळाच्या दोनच जाती, एक आपल्या आशियातली गुलाबी आणि पांढरी, दुसरी अमेरिकेतली पिवळी, आणि त्या दोघींच्या संकरातून येतात त्या मधल्या छटा. निळं, जांभळं दिसतं ते वॉटर लिलीत, आणि तिची बी मोहरीहून लहान असते, तुमच्या पाकिटातल्यासारखी टपोरी काळी नाही. इंद्रधनुषी तर कॉम्प्युटरवरच उगवतं. शिवाय कमळ बियांपासून लावलं की आईसारखंच फूल येईल याची खात्री नसते, आंब्याच्या कोयीसारखंच.

पण बिया मेल्यात असं समजू नका. वास सुटला म्हणजे एखादी फुटकी असेल ती काढून टाका. बाकीच्या उगवल्या नाहीत कारण त्यांच्यात पाणी शिरलंच नाहीये! कमळाच्या बीचं कवच इतकं घट्ट की चीनमध्ये एका आटलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेली साधारण 1300 वर्षांपूर्वीची बी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उगवून दाखवली, आणि जपानमध्ये इचिरो ओगा नावाच्या प्राध्यापकांना 1951 मध्ये उत्खननात मिळालेल्या बियांतलं एक रोप फुललं, ती बी तर दोन हजार वर्षांपूर्वीची मानतात. अशा बीला तुमचा महिना म्हणजे काय, डुलकी.

करायचं असं. बीला एक टोकदार बाजू असते आणि एक बाजू जराशी खळगा असलेली. खळग्याची बाजू पॉलिश पेपरवर नाहीतर कानशीवर घासा, काळं जाऊन तपकिरी आणि मग आत पांढरट पिवळसर दिसलं की थांबा, लगेच थांबा, आतला गर घासला गेला की संपलं. मग काचेच्या ग्लासात कोमट पाण्यात, उबदार जागी, पाणी रोज बदलायचं. एक-दोन दिवसांत बी दुप्पट फुगते, आठवड्याच्या आत हिरवा कोंब येतो. मुळं पहिल्यांदा दिसत नाहीत, आधी पानं येतात आणि मुळं मागाहून, तेव्हा "मुळं नाहीत" म्हणून फेकू नका. तीन-चार पानं आणि थोडी मुळं झाली की चिखलात. फूल मात्र त्याच वर्षी येईलच असं नाही, घाई असेल तर कंद घ्या.

अजून एक, पूजेच्या दुकानात मिळणारा कमळगट्टा म्हणजे हीच बी. सुटे, अख्खे, न भाजलेले दाणे असतील तर तेही उगवतात. माळेतले नाही, त्यांना भोक पाडलेलं असतं. दहा रुपयांत प्रयोग होईल.

कोल्हापूरहून लिहितोय. टबात खाली चांगलं चार इंच शेण घातलं, वर माती, कंद लावला, पाणी भरलं. आठ दिवसांत पाणी काळं, बुडबुडे, आणि घाण वास. कंद हाताला लागतो तर नुसता लगदा. कमळ चिखलात येतं म्हणतात ना?

चिखलात येतं हो, शेणात नाही. हीच चूक मी पहिल्या वर्षी केली, एका ठिकाणाहून तीन कंद आणले होते, विकणाऱ्याने सांगितलं भरपूर शेण घाला, मी पण मोठ्या प्रेमाने ताजं घातलं, आणि तिन्ही गेले. ताजं शेण पाण्याखाली कुजायला लागलं की गॅस होतो, पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आणि कंद शिजल्यासारखा होतो. कमळाच्या बाबतीत आपलं सगळं चुकतं ते जास्त लाड केल्याने.

पुन्हा लावताना टब बिनभोकाचा घ्या, उंच असण्यापेक्षा पसरट, कारण कंद आडवा धावतो. गोल घ्या, चौकोनी टबात कंदाचं टोक कोपऱ्यात अडकून बसतं. दीड ते दोन फूट व्यास, फूटभर तरी खोली. माती भारी पाहिजे, तळ्याचा गाळ मिळाला तर सोनं, नाहीतर शेतातली काळी माती किंवा पोयटा. तुमच्याकडे पंचगंगेच्या काठाला मातीची काय कमी! कोकोपीट, गांडूळखत, भाताचं तूस असलं हलकं काही घालायचं नाही, सगळं वर तरंगून येतं. खत घालायचंच तर वर्षभर कुजलेलं, भुगा झालेलं, वास न येणारं शेणखत दोन मुठी आणि मूठभर हाडांचा चुरा, अगदी तळाशी, वरून पाच-सहा इंच निव्वळ माती. माती कालवून श्रीखंडाइतकी दाट करा. कंद टबाच्या कडेला आडवा ठेवायचा, टोक मध्याकडे आणि जरा वर, अंग मातीत हलकं दाबायचं, टोक उघडं. ते टोक मोडलं की त्या डोळ्याचा खेळ खल्लास, त्यामुळे कंद पोस्टाने आला तर उघडतानाच जपा. तरंगत असेल तर वर एक गुळगुळीत दगड ठेवा. पाणी पहिल्यांदा दोन-तीन इंचच, पानं जशी वाढतील तसं वाढवत न्यायचं, मोठ्या टबात सहा इंच पुरे.

पुढचं खत कधी, तर पहिली उभी पानं आल्यावर, आधी अजिबात नाही. एक छोटा चमचा डीएपी वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधून कडेच्या मातीत खोल खुपसायचा, कंदापासून लांब, महिन्यातून एकदा. पाण्यात वरून टाकलात तर मासे पण जातील आणि पाणी पण हिरवं होईल.

लावायची वेळ म्हणाल तर फेब्रुवारी-मार्च सगळ्यात छान, थंडी सरली की. पण मे-जूनपर्यंत चालतं.

पुण्यात आमच्या सोसायटीत मी टेरेसवर तीन टब ठेवलेत. सेक्रेटरी म्हणतात डेंग्यू होईल, काढा. खरं आहे का? एका काकांनी रॉकेल टाकायला सांगितलं.

सेक्रेटरींची काळजी खोटी नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून टबात मासे सोडल्याशिवाय कमळ लावूच नये असं माझं मत आहे. रॉकेल नको, झाड आणि मासे दोन्ही मरतील. एका टबात चार-पाच गप्पी सोडा, अळ्या चट करतात. बऱ्याच महापालिकांचा मलेरिया विभाग गप्पी फुकट देतो, वॉर्ड ऑफिसात विचारून बघा. मासे ठेवायचे नसतील तर अळ्या मारणारी बीटीआय नावाची जिवाणूंची पावडर मिळते, ती माशांना किंवा झाडाला त्रास देत नाही, पण ती पुन्हा पुन्हा टाकावी लागते आणि आपण विसरतो.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही म्हणून सांगते. हा डास अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर टबाच्या भिंतीला चिकटवतो, आणि ती अंडी कोरडी कित्येक महिने टिकतात, पाणी चढलं की अळ्या. त्यामुळे टब रिकामा करून ठेवताना आतली भिंत घासायची, नुसतं उपडं करून भागत नाही. आणि दुसरं, पावसात टब भरून वाहतो आणि गप्पी वाहून गच्चीच्या पाइपात जातात, मग मासे आहेत आहेत म्हणून आपण निर्धास्त आणि खाली अळ्यांचं संमेलन. कडेच्या इंचभर खाली एक भोक पाडा, त्याला जाळी लावा, जास्तीचं पाणी तिथून जाईल. आणि जास्त झालेले गप्पी नदीत, तळ्यात सोडू नका, शेजाऱ्याला द्या, तिथल्या देशी माशांना ते डोईजड होतात.

सेक्रेटरींना एकदा वर नेऊन मासे दाखवा. आमच्या इथले सेक्रेटरी आता स्वतःच दोन टब घेऊन बसलेत.

आमच्याकडे ब्रह्मकमळ आहे कुंडीत. ते टबात पाण्यात लावलं तर जास्त फुलं येतील का?

नका हो! ते निवडुंग आहे, मेक्सिकोकडचं. पाण्यात ठेवलंत तर चार दिवसांत कुजेल. रात्री फुलतं, मोठं पांढरं, म्हणून आपण हौसेने ब्रह्मकमळ म्हणतो. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर येतं, उत्तराखंडचं राज्यफूल ते, आणि ते पण पाण्यात येत नाही. कमळ नावाचं आणि पाण्याशी संबंध नसलेलं, दोन्ही.

नदीवर जांभळी फुलं खूप सुंदर आलीयेत, हिरवी फुगीर देठं. घरी आणून टबात सोडली तर? (पिंपरी)

ती जलपर्णी आहे. तीच, जी पवना आणि इंद्रायणीवर पसरते आणि काढायला दर वर्षी यंत्रं लावावी लागतात. मूळची ॲमेझॉनकडची, दिसायला सुंदर म्हणूनच जगभर पसरली, लोकांनी बागेत लावली आणि जास्त झाली म्हणून नदीत फेकली. साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. घरी आणू नका, आणलीच असेल तर नदीत परत न टाकता उन्हात वाळवून कंपोस्टमध्ये.

कासला गेलो होतो, तिथल्या तळ्यात पांढरी कुमुदिनी बघितली. तुम्ही वॉटर लिलीला कुमुदिनी म्हणता, पण ते फूल तर अगदी लहान, केसाळ होतं?

बरोबर पकडलंत. कासच्या कुमुदिनी तळ्यात जी येते ती वॉटर लिली नाहीच, शास्त्रीय नाव निम्फॉइडिस इंडिका. पान लिलीसारखं तरंगतं म्हणून गोंधळ होतो पण फूल रुपयाएवढं, पाच पांढऱ्या पाकळ्या, त्यावर बारीक झालर आणि मध्ये पिवळं. फूल थेट पानाच्या देठातून, पानाच्या जरा खाली, फुटल्यासारखं दिसतं. एकच दिवस टिकतं पण इतकी येतात की तळं पांढरं होतं. संस्कृतातली कुमुदिनी चांदण्यात फुलते, ती रात्री उमलणारी वॉटर लिली, ही दिवसाची. गोव्याच्या एका वाचकाने लिहिलंय की आमच्याकडे सगळ्यांनाच साळकां म्हणतात, तो मार्ग सगळ्यात सोपा.

टबाला ही छानच, लिलीपेक्षा सोपी, पानाचा तुकडा देठासकट तरंगत ठेवला तरी त्याला मुळं फुटतात. पण कासवरून उपटून आणायची नाही हं, ते पठार 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आहे, आणि नसतं तरी नाही. नर्सरीत मिळते.

पानं पिवळी पडतायत, खालून काळे बारीक किडे आहेत, पाणी हिरवं झालंय. रोज पाणी बदलतेय तरी. (तिघी-चौघींचा एकत्र प्रश्न)

रोज पाणी बदलताय म्हणूनच हिरवं होतंय. नव्या पाण्याबरोबर नवी खनिजं, त्यावर नवं शेवाळ. तीन आठवडे हात लावू नका, आटेल तेवढंच भरा. पानांनी पाण्याचा अर्ध्याहून जास्त भाग झाकला की ऊन खाली पोचत नाही आणि पाणी आपोआप निवळतं. बोअरचं पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग पडतात, त्याने काही बिघडत नाही. नळाचं पाणी मात्र एक दिवस बादलीत ठेवून घाला, माशांसाठी.

जुनी पानं पिवळी पडणं हा आजार नाही, कापून टाका. पण कमळाचा देठ आतून पोकळ असतो, पाण्याच्या खाली कापलात तर पाणी आत उतरून कंदापर्यंत सड जाऊ शकते, म्हणून नेहमी पाण्याच्या वर कापायचं. किडे म्हणजे मावा. पाण्याचा जोरदार फवारा मारला की पाण्यात पडतात आणि मासे खातात, इतकंच औषध. कीटकनाशक मारू नका, मासे पहिले मरतील. नोव्हेंबरपासून सगळीच पानं सुकायला लागली तर तेही घाबरण्यासारखं नाही, कंद झोपतोय, पाणी तेवढं राहू द्या.

मखाना कमळापासूनच होतो ना? मग टबातून काढता येईल का?

नाही, मखाना वेगळ्या झाडाचा, युरिएली फेरॉक्स. पानांवर काटे असतात, बिहारच्या मिथिलेत तळ्यातळ्यांतून पिकवतात, 2022 मध्ये मिथिला मखान्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. कमळाची भाजी होते ती कमळकाकडीची, म्हणजे कंदाची. पण आपल्या टबातली शोभेची जात बोटाएवढी बारीक, भाजीला पुरायची नाही आणि झाड पण जाईल.

ताई, अखेर फूल आलं! पण सकाळी उघडलं आणि दुपारी मिटलं, दुसऱ्या दिवशी परत उघडलं, चौथ्या दिवशी पाकळ्या गळून गेल्या. मुलगी रडली. आमचं काही चुकलं का? (सांगली)

काहीच चुकलं नाही, कमळाचं आयुष्यच तेवढं. पहिल्या दिवशी सकाळी अर्धवट उघडतं, दुपारपर्यंत मिटतं. दुसऱ्या दिवशी पूर्ण उघडतं, वास सगळ्यात जास्त त्या दिवशी, फोटो काढायचा तो तेव्हा. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाकळ्या गळतात.

मुलीला एक गंमत दाखवा, पुढचं फूल येईल तेव्हा पहाटे गारव्यात मधल्या पिवळ्या शंकूजवळ हळूच बोट न्या, गरम लागतंय का बघा. कमळ स्वतःची उष्णता तयार करतं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या वनस्पती उद्यानात दोन शास्त्रज्ञांनी मोजलं होतं, 1996 मध्ये छापून आलं, बाहेर हवा 10 अंशांवर उतरली तरी फूल आतून 30 अंशांच्या वरच राहतं, जवळपास आपल्या अंगाइतकं. भुंग्यांना ऊब मिळते, रात्रभर आत मुक्काम, सकाळी परागकण अंगावर घेऊन पुढच्या फुलात.

पाकळ्या गळल्या तरी तो शंकू कापू नका, शॉवरच्या जाळीसारखा दिसतो तो. हिरवा आहे तोवर उभा राहील, मग तपकिरी होऊन मान टाकेल, हलवला की आत बिया खुळखुळतील. चार-पाच काढून वाळवून ठेवा. दोन तुमच्या मुलीला पॉलिश पेपरवर घासायला द्या, आणि उरलेल्या आमच्या पत्त्यावर पाठवल्यात तर मी नाशिकच्या सरांना देईन, रंग गुलाबीच असेल एवढं त्यांना आधीच सांगून ठेवते.